मी लटकले म्हणून भाव चढला

मी पाटी बोलतेय. इकडे तिकडे काय बघता? जरा मान वर करा. फळांच्या दुकानाच्या दारावर पत्र्याची पाटी दिसतेय ना, तीच मी. 'येथे जनुक बदललेली फळे मिळत नाहीत,' असं माझ्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं. जनुक म्हणजे काय, हे मात्र मला विचारू नका. मला रंगवणाऱ्या पेंटरलाही ते ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं तेव्हा आमच्या बाई म्हणाल्या, "तू लिही रे, गिऱ्हाईक विचारतंय." झाला माझा जन्म.

बाई म्हणजे दुकानाच्या मालकीण. समोर नवं चकाचक दुकान उघडलं, त्याने काचेवर असंच काहीतरी लिहिलं आणि आमची गिऱ्हाइकं भराभर रस्ता ओलांडू लागली. म्हणून बाईंनी मला टांगलं. आणि काय सांगू महाराजा, आठवड्यात सगळे परत! पपईचा भाव दीडपट झाला तरी कुणी हूं की चूं केलं नाही. लोक आधी मला वाचायचे, मग फळ हुंगायचे.

मी तर फुगून टम्म झाले. आमचे जुने गिऱ्हाईक, चष्मेवाले काका, एकदा मिठाची पुडी उचलून म्हणाले, "ह्यात नाही ना ते जनुक-बिनुक?" "एकही नाही," बाई म्हणाल्या. मीठच ते, त्यात कुठून येणार? काकांनी दोन पुड्या जास्त नेल्या आणि ते श्रेयही मीच घेतलं.

माझ्याकडे धड बघत नसे तो एकच माणूस, बाईंचा धाकटा भाऊ. त्याची पपईची बाग रोगाने पार गेली होती. पानं आक्रसली, फळांवर डाग पडले, तीन वर्षं हाती काही लागलं नाही. मग त्याने संशोधन केंद्रातून नवी रोपं आणली, जनुक बदललेली. त्यांना तो रोग शिवत नाही. बाग पुन्हा उभी राहिली आणि तो हौसेने दोन पेट्या घेऊन बहिणीच्या दारात आला.

"ताई, खाऊन तर बघ."

"खाल्ली रे. साखर आहे नुसती. पण वर काय लिहिलंय ते बघ. ही पेटी आत घेतली तर उद्यापासून माशा मारत बसायची पाळी येईल माझ्यावर."

"मग पाटी काढ."

"आणि पोट कशावर भरू?"

तो पेट्या उचलून गेला. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता! आपण एका माणसाला दारातून परत पाठवलं, म्हणून.

पुढे तो एका व्यापाऱ्याला माल देऊ लागला, मिळेल त्या भावाने. पाच महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, तो रिकाम्या हाताने आला. "सोमवारी झाडं तोडतोय, ताई. व्यापारी देतो त्यात मजुरीसुद्धा सुटत नाही. कुठेतरी कामाला लागेन." तो गेल्यावर बाई पदराने डोळे पुसत राहिल्या.

शनिवारी बाईंचा नेहमीचा माल आला. 'अस्सल, न बदललेली' पपई, चढ्या भावाची. एरवी व्यापाऱ्याचा माणूस ती कागद काढून, रचून देई. त्या दिवशी तो घाईत पेट्या टाकून गेला. प्रत्येक फळ वहीच्या पानात गुंडाळलेलं. बाई पानं सोडवता सोडवता एकदम थांबल्या. पानावर लहान मुलाच्या अक्षरात निबंध होता, 'माझी आत्या'. त्या माझ्याखाली उभं राहून वाचू लागल्या.

'माझ्या आत्याचं फळांचं दुकान आहे. ती खूप प्रेमळ आहे. पण ती बाबांची पपई घेत नाही, कारण पाटी नको म्हणते. आत्या सगळ्यांशी भांडते. पाटीशी भांडत नाही.'

खाली लाल शाईत शेरा होता, 'छान'.

फळाला ओरखडा पडू नये म्हणून लेकीच्या जुन्या वह्यांची पानं वापरायची, ही भावाच्या घरची पद्धत. व्यापाऱ्याने कागदसुद्धा बदलला नव्हता! म्हणजे मी ऐटीत हाकललेली पपई पाच महिने व्यापाऱ्याकडून, दुप्पट भावाने, माझ्याच नाकाखालून आत येत होती. आणि मी पहारेकरीण!

बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला. "अरे, ती कुऱ्हाड ठेव खाली. उद्या माल घेऊन सरळ इकडे ये."

त्यांनी मला उतरवलं. मला वाटलं, चालले मी भंगारात. पण बाईंनी मला उलटी केली आणि स्वतः ब्रश घेऊन पाठीवर लिहिलं, 'माझ्या भावाच्या बागेतली पपई. जनुक बदललेली आहे. आम्ही घरी हीच खातो.' अक्षरं वाकडीतिकडी आली.

काल सकाळपासून लोक मला वाचून समोरच्या दुकानात जात होते. दुपारपर्यंत एक फळ हललं नाही. भाऊ म्हणाला, "ताई, माझ्यापायी तुझं दुकान बुडेल." बाई म्हणाल्या, "गप बस."

तेवढ्यात चष्मेवाले काका आले. त्यांनी मला दोनदा वाचलं. "आणि आजवर दिलीत ती?"

"हीच होती, काका," बाई म्हणाल्या. "मलाही कालच कळलं. जादा घेतलेले पैसे परत देते."

"हीच? अहो, मी घरी सांगत होतो, अस्सल फळाची चव जिभेला बरोब्बर कळते..." काका लालबुंद झाले. मग त्यांनी पिशवी पुढे केली. "पैसे राहू द्या. दोन द्या. पण आता भाव उतरवा हं!"

बाईंनी मी येण्याआधीचा भाव सांगितला. तोसुद्धा व्यापारी भावाला देत होता त्याच्या दुप्पट होता. भाऊ पेट्यांमागे तोंड लपवून रडला.

म्हणजे तो चढा भाव पपईचा नव्हताच, माझा होता! एका ओळीच्या पत्र्याचा, ज्याला जनुक म्हणजे काय तेही कळत नाही. गेलेली गिऱ्हाइकं परत येतील का, मला माहीत नाही. तुम्हाला काय खायचं ते तुम्ही ठरवा, तो तुमचा हक्क आहे. फक्त एवढं ऐका, आम्हा पाट्यांवर भिस्त ठेवू नका. आत जा आणि माल कुणाचा, कुठून आला, ते माणसाला विचारा.

आज सोमवार. भाऊ पहाटेच बागेत गेलाय, फळं तोडायला.