आपापला शेजारी

सहलीच्या बसमध्ये शेजारच्या रिकाम्या सीटवर आत्याने पिशवी ठेवली. वळणावर ती कलंडली, तशी पुन्हा नीट बसवून तिला सीटचा पट्टाच लावून टाकला. ती सीट धाकट्या बहिणीची. दोघींनी मिळून हे शहर बघायचं असं वर्षभर घाटत होतं, आणि ऐन वेळी बहिणीच्या नातवाला ताप आला.

"तू जा गं," बहीण फोनवर म्हणाली. "तुला काय, एकटा जीव."

'तुला काय' हे शब्द आत्याच्या चांगल्या ओळखीचे होते. तिने लग्न केलं नाही, म्हणून घरच्या प्रत्येक सहलीत पोरं सांभाळायचं काम आपसूक तिच्याकडे यायचं. ती सगळ्यांना मोजायची आणि दर वेळी एक कमी भरायचा. घाबरून ती पुन्हा मोजायची. मग थोरला भाऊ हसून म्हणायचा, "अगं शहाणे, स्वतःला कोण धरणार?" पुढे पोरं मोठी झाली, आपापल्या गाड्या घेऊन फिरू लागली, आणि मोजायला कुणी उरलं नाही.

"मी डोकी मोजत नाही हां," छत्रीवाल्या बाई माईकवर सांगत होत्या. सहल त्यांच्या हवाली होती. पिवळी छत्री उंच धरून त्या पुढे चालायच्या आणि मंडळी मागे. "मोजतात ती मेंढरं! आपण आपापला शेजारी बघायचा. आला असेल तर ओरडून सांगायचं, की निघालो."

वस्तुसंग्रहालय बघून सगळे बसमध्ये परतले तेव्हा पहिल्यांदा पुकारा झाला. "शेजारी बघा!"

"आला!" "आली!" "आला एकदाचा!" शेवटचं एका बायकोने नवऱ्याबद्दल सांगितलं आणि बसभर हशा पिकला. बाईंनी मान उंचावून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"तुमचं काय हो, मागे?"

"माझ्या शेजारी कुणी नाहीच."

"मग तुमची काळजीच मिटली!"

पुन्हा हशा. आत्याही हसली. हसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की न आलेल्या माणसाची खबर द्यायची ती शेजाऱ्याने, आणि ती स्वतः आली नाही तर बोंब मारायला तिला शेजारीच नव्हता. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या जाईना.

घड्याळाच्या मनोऱ्यावर ती सगळ्यांबरोबर चढली. वरून नदी, पूल, लाल कौलं, सगळं नकाशासारखं दिसत होतं. फोटो काढून मंडळी खाली उतरली. आत्या कठड्याला टेकून थांबली. हाक आली की उतरू, असं तिने ठरवलं होतं. बघू तरी, कोण हाक मारतं ते.

खाली पिवळी छत्री बसच्या दारापाशी उभी राहिली. एकेक करून लोक आत गेले. मग छत्री मिटली, दार लागलं आणि बस चौकाला वळसा घालून निघून गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आत्याला रडू फुटलं. वर कबुतरांखेरीज कुणी नव्हतं, म्हणून तिने ते आवरलंही नाही. फोन हातात धरून ती बराच वेळ उभी होती. तो वाजला नाही.

हॉटेल गाठून दार लावून पडता आलं असतं. पण सहलीचा शेवटचा थांबा तळ्याकाठी आहे हे तिला माहीत होतं, आणि आता कुणाच्या ध्यानात येतं का, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावरच्या एका बाईकडून तिने रुंद काठाची गवती टोपी घेतली. पूल पायी ओलांडला. आरशांच्या एका दुकानात तिला टोपी घातलेल्या पंधरा-वीस आत्या एकदम दिसल्या. "बघ गं," ती शेजारी वळून म्हणाली. शेजारी खांब होता. मग तिने साधी बस पकडली.

तळ्याच्या पायऱ्यांवर मंडळी फोटोसाठी गोळा झाली होती. 'आला एकदाचा' नवरा फोन घेऊन इकडे-तिकडे बघत होता. सकाळपासून तो तिच्या पुढच्याच सीटवर. त्याच्या मानेवरचा तीळसुद्धा तिला पाठ झाला होता.

"मावशी, जरा आमचा सगळ्यांचा एक फोटो काढता का?"

आत्याने फोन घेतला. सवय जाते कुठे, तिने मोजायला सुरुवात केली.

"एक जण कमी आहे," ती म्हणाली.

"शेजारी बघा!" छत्रीवाल्या बाई ओरडल्या.

"आला!" "आली!" "आला!"

"नाही हो मावशी, सगळे आहोत. काढा तुम्ही."

पहिला हलला, म्हणून तिने दुसराही काढला. फोन परत घ्यायला बाई स्वतः आल्या. टोपीखालच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्यांचा हात मध्येच थांबला.

"तुम्ही... आमच्याच गाडीत होता ना?"

"सकाळी होते."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, मी बघितलं होतं मागे. खरंच बघितलं. पट्टा लावलेली पिशवी दिसली, मला वाटलं तुम्हीच आहात."

आत्या टोपी काढून बसकडे चालू लागली.

सगळे चढल्यावर माईक वाजला नाही. शेजारी बघा म्हणून पुकाराही झाला नाही. बाईंनी ड्रायव्हरला हळूच काहीतरी विचारलं.

"तुम्ही-मी धरून बत्तीस," तो म्हणाला.

त्यांनी ड्रायव्हरपासून सुरुवात केली. प्रत्येक माणसावर बोट ठेवत, ओठ हलवत त्या मागे मागे येऊ लागल्या. शेवटच्या रांगेत बोट आत्यापाशी आलं, तिच्यावर नीट थांबलं आणि खाली गेलं. बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग घाईघाईने मागे फिरून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या खेपेला परत येईपर्यंत त्यांचे डोळे भरले होते.

"अजून एक कमीच भरतोय," इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या म्हणाल्या. "कोण राहिलं हो?"

आत्याने पट्टा सोडला आणि पिशवी मांडीवर घेतली.

"स्वतःला धरलंत का?" तिने विचारलं.