कोटाच्या पाठीची शिवण

दोघे एकमेकांचे साडू. थोरल्यांनीच धाकट्याला आपल्या कारखान्यात चिकटवलं होतं. कारखान्यात पाकिटं भरायची मशीनं बनायची, आणि मशीन परदेशात विकलं गेलं की ते उभं करून द्यायला ही जोडी जायची. थोरले मशीन जोडत, धाकटा वायरिंग करी.

थोरल्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. ऐन विशीत मशीनच्या पट्ट्यात हात सापडला होता, हाड जुळलं ते असं. तयार कपडा त्यांच्या अंगावर एका बाजूनं गळायचा. म्हणून कुठल्याही गावात उतरले की पहिल्या आठवड्यात ते शिंपी हुडकून काढत. भाषा येत नसली तरी अडायचं नाही. म्हणायचे, "दुकानाची काच बघू नये, शिंप्याच्या अंगातला शर्ट बघावा. जो स्वतःचा नीट शिवतो तो आपलाही शिवतो." खाण्याचंही तसंच. ट्रकवाले आणि हमाल जिथं बाकावर दाटीवाटीनं बसलेले दिसतील तिथं हे घुसणार, शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवून तेच मागवणार आणि वर स्वयंपाकघरात डोकावून बाईला हात जोडून येणार.

धाकटा अगदी उलट्या स्वभावाचा. त्याची निम्मी बॅग घरच्या चिवड्यानं आणि चटण्यांनी भरलेली. खोलीतल्या किटलीत पाणी उकळायचं, त्यात पाकीट ओतायचं आणि दार लावून जेवायचं. पोटाला जपतो म्हणायचा. खरी गोष्ट अशी की थोरल्यांची ती ऐट त्याच्या डोळ्यांत खुपायची. सासुरवाडीला गेलं की सगळे त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसत, आणि हा कोपऱ्यात पेपर वाचत बसे.

त्या खेपेचा तिसरा आठवडा चालू होता. सकाळपासून पॅनेल दगा देत होतं, दर दहा मिनिटांनी मशीन बंद. धाकटा डोकं पॅनेलमध्ये खुपसून तारा तपासत होता, तेव्हा थोरले मागे येऊन उभे राहिले.

"अरे, डावा हात भरून आलाय बघ. पाठीतही धरल्यासारखं वाटतंय."

"आणखी खा त्या खानावळीत," धाकटा मान वर न करता म्हणाला. "गॅस झालाय दादा. सोडा प्या, जाईल."

"असेल बाबा." ते थोडा वेळ तिथंच हात चोळत थांबले. "संध्याकाळी कोटाच्या ट्रायलला येतोस का? ह्या शिंप्याचा हात फार चांगला आहे. मी शर्ट काढायच्या आत त्यानं खांदा ओळखला. नंतर तिथंच जवळ जेवू. तुझ्या किटलीला एक दिवस सुट्टी दे."

"तुमची चैन तुम्हाला लखलाभ. मला इथं मरायला वेळ नाही."

थोरले हसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येऊन उभी राहिली तरी ते खाली आले नाहीत. धाकट्यानं दार वाजवलं, फोन केला. शेवटी हॉटेलच्या मॅनेजरनं दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं. थोरले पलंगाच्या काठावरून भिंतीला कलले होते. एका पायात मोजा होता, दुसरा मोजा हातात. अंग गार पडलं होतं. उघड्या पायाची नखं नीट कापलेली होती, तेवढंच धाकट्याला दिसत राहिलं.

मग डॉक्टर आला, पोलीस आले, कागद आले. दुपारी त्यानं घरी फोन लावला.

"ताईला मी कसं सांगू हो?" बायको फोनवर ओरडली. रडणं तिला फुटेना. "तुम्ही बरोबर होता ना? काही म्हणाले नाहीत? काही दुखतंय, खुपतंय?"

"नाही," तो म्हणाला. "एकदम झालं सगळं."

हे बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

कागदपत्रं पाच दिवस चालली. पाचव्या दिवशी शवागारातल्या कारकुनानं कपडे आणायला सांगितले. थोरल्यांची बॅग उघडली तर कामाचे दोन डगले, मळलेले शर्ट आणि एका चौकोनी चिठ्ठीवर शिंप्याचा पत्ता. धाकटा चिठ्ठी घेऊन निघाला.

दुकान जिन्याखाली होतं, एक माणूस आणि एक मशीन मावेल एवढं. शिंपी साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. चिठ्ठी पाहताच त्याचा चेहरा खुलला. खुंटीवरून त्यानं करडा कोट काढला. पांढऱ्या दोऱ्याची कच्ची शिलाई अजून तशीच होती, छातीवर खडूच्या खुणा. मग दाराकडे बोट करून त्यानं हातानंच विचारलं, ते कुठायत?

धाकट्यानं तळव्यावर गाल टेकवला आणि डोळे मिटले.

शिंपी हसला. झोपलेत होय? झोपू दे, असा हात हलवला. मग आपल्या मनगटावर टिचकी मारली, उद्या घेऊन या.

धाकट्यानं नकाराची मान हलवली. त्यानं पुन्हा डोळे मिटले, आणि या खेपेला हात छातीवर ठेवून तसाच ताठ उभा राहिला. किती वेळ उभा होता त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा शिंपी स्टुलावर बसला होता, कोट मांडीवर घेऊन.

मग शिंपी कामाला लागला. कच्चे टाके एकेक करून काढले, अस्तर बसवलं, बाही जोडली. उजव्या खांद्यात कापसाची जाड घडी घातली, उलट्या बाजूनं हात फिरवून पाहिली, उसवली, आणि पुन्हा पातळ करून घातली. अंगात कोणी घालून बघणार नाही हे ठाऊक असूनही त्यानं चार वेळा ते केलं. काजं हातानं विणली. दिवस कलला तेव्हा त्यानं कोटाला इस्त्री केली आणि तो सरळ धरला. सुरेख कोट झाला होता.

मग त्यानं कोट पालथा टाकला, कात्री घेतली आणि धाकट्याकडे पाहिलं. स्वतःचे दोन्ही हात काठीसारखे ताठ करून दाखवले. शवागारात गारठून ताठलेल्या हातांत कोट चढत नाही, पाठ उघडावी लागते. धाकट्याला ते समजलं. त्यानं मान डोलवली. शिंप्यानं मानेपासून खालपर्यंत पाठीची शिवण कापत नेली. कात्रीचा आवाज होत होता तोवर धाकटा भिंतीला धरून उभा होता.

बाहेर पडल्यावर त्याला कडकडून भूक लागली. दोन दिवस पोटात चहाशिवाय काही नव्हतं. कोपऱ्यावरच बाकं मांडलेली खानावळ होती, माणसं दाटीवाटीनं जेवत होती. हीच असणार. त्यानं शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. वाफाळता भात आला, वर तिखट रस्सा. पहिल्या घासाला ठसका लागला. मग तो खाली मान घालून खातच सुटला. पुन्हा भात मागितला. जेवण चवदार होतं, आणि कोटाचं पार्सल मांडीवर असताना ते आपल्याला चवदार लागतंय याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं तोंड धुतलं आणि नळ तसाच सोडून बाहेर आला.

नवव्या दिवशी शवपेटी घरी पोचली. पुढचं सगळं झालं. महिन्याभरानं मेव्हणीनं त्याला बोलावून घेतलं. बायको सोबत होतीच.

"तुम्ही शेवटचे त्यांच्याबरोबर होता," मेव्हणी म्हणाली. "काय बोलले, तेवढं मला सांगा. साधं काही असलं तरी चालेल."

तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं, हे तो येताना ठरवूनच आला होता. पण तिच्यासमोर बसल्यावर ते जिभेवर येईना. पॅनेल, डावा हात, पाठ, सोडा, सगळं त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

"डावा हात म्हणाले?"

"हो, ताई."

"आणि तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

ती ओरडली नाही, रडली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पुन्हा बाहेर आली नाही.

रिक्षात बायको अंग चोरून बसली होती. घर आलं, कुलूप उघडलं, तिनं चप्पल काढली आणि त्याच्याकडे न पाहता विचारलं, "त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला विचारलं होतं. मला 'नाही' असं का म्हणालात?"

तो दारातच उभा राहिला. आत जाऊन तिनं त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आणून टाकलं.