दोन पाठींचं पिल्लू

आज मला आनंदाने वेड लागायचं तेवढं बाकी आहे, तेव्हा सांगताना थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

बेडकाच्या अंड्यात एक भांडण चालतं. एक रेणू ओरडत सुटतो, ‘पोट व्हा, पोट व्हा!’ दुसरा एका बाजूने निघतो आणि त्याला धरून गप्प करतो. जिथे आरडाओरडा थांबतो तिथे पाठ होते. माझं म्हणणं असं, की पाठीला वेगळा हुकूम लागतच नाही. पोटवाल्याचं तोंड बंद केलं की पुरे. म्हणजे हा गप्प करणारा पोटाच्या बाजूला टोचला, तर तिथेही पाठ व्हायला हवी. एका पिल्लाला दोन पाठी!

व्हायला हवी, पण होत कुठे होती? महिनाभर टोचतेय, पिल्लं आपली एकेका पाठीची, ठणठणीत. काल माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “ही शेवटची खेप. नाही जमलं तर विषय सोड.” माझा जीव टांगणीला. त्यात शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसने विनोद केला, मी फिस्कन हसले आणि चार पेशी झालेल्या अंड्यात सुई पोटाकडच्या फिकट पेशीऐवजी काळपट पेशीत घुसली. ते अंडं मी वेगळ्या वाटीत टाकलं.

आज सकाळी सगळी पिल्लं पुन्हा एकेका पाठीची. रडवेली होऊन आवराआवर करताना वाटीत डोकावले. दोन पाठी! दोन डोकी! मी अशी किंचाळले की बाई धावत आल्या.

“कुठे टोचलंस?” त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघत विचारलं.

“चुकून पाठीकडे. काळपट पेशीत.”

“काळपट म्हणजे पाठ? कोणी सांगितलं?”

“बेडकाची पाठ काळपट असते, पोट पांढरं. कोणालाही विचारा!”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. “अगं, ते मोठ्या बेडकाचं! अंड्यात उलटं असतं. फिकट पेशींचीच पाठ होते.”

म्हणजे महिनाभर, जिथे आधीच सगळं चिडीचूप तिथे जाऊन मी ‘गप्प बसा’ सांगत होते. कान तापले. “सगळी मेहनत पाण्यात गेली की हो!”

“पाण्यात कशी? काळपट बाजूला आता भरपूर टोच, एकावर भागणार नाही. पण लोक आधी विचारणार, कुठेही टोचलं तरी दुसरी पाठ होते का? ‘नाही’ हे उत्तर तू महिनाभर तयार करतेयस. विषय तुझाच, बावळट!”

मी बाईंना चक्क उचललं. मार्गदर्शकाला उचलू नये, कळतं मला. “खाली ठेव,” बाई ओरडत होत्या, आणि डोळे पुसत हसत होत्या.