तिसऱ्या लाइनीवरचं इंजिन

पुणतांब्याच्या पुढच्या एका लहान स्टेशनात आमचं क्वार्टर यार्डाला लागूनच होतं. तारेच्या कुंपणापलीकडे, तिसऱ्या लाइनीवर, मालगाडीचे डबे इकडून तिकडे लावणारं जुनं डिझेल इंजिन असे. ते कधीच बंद नसे. बॅटरी गेलेली. एकदा बंद केलं की परत सुरू व्हायचं नाही, म्हणून रात्रंदिवस धडधडत ठेवलेलं. तेल भरायचं तेही चालू असतानाच.

माहेराहून यशोधराला घेऊन आले तेव्हा ती तीन महिन्यांची होती. त्या धडधडीनं सगळं घर किंचित हलत राही. हंड्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत, मांडणीवरची ताटं आपसात कुजबुजत. थंडीच्या दुपारी उसाचा गोडसर वास धुरात मिसळून आत येई. डोळे मिटले की वाटे, आपलं क्वार्टरच हळूहळू कुठंतरी निघालंय आणि यशूचा पाळणा सगळ्यात पुढं आहे.

यशू गाढ झोपे. फारच गाढ. मी टाळी वाजवली, वाटी पाडली, तिला हाक मारली. मान वळली नाही. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकले होते, त्यातलं नेमकं नको तेवढंच आठवायचं. हे त्या स्टेशनात मास्तर. यांना सांगितलं, तर म्हणाले, सोमवारी पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊ. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला वेड्यात काढलं. रेल्वेची पोर हाय, ती काय तुझ्या टाळीनं उठतीय व्हय, म्हणाल्या.

इंजिनाचे ड्रायव्हर गोरक्षनाथमामा पाणी प्यायला दारात येत. ते हसले नाहीत. एवढ्या आवाजात तुमची टाळी मलाबी ऐकू यायची न्हाई, म्हणाले.

"मग एकदा बंद करा ना, मामा. थोडाच वेळ."

"पोरगी उठंल, बाई. इंजिन न्हाई उठायचं."

शनिवारी नवं इंजिन आलं. त्याची बॅटरी धड, म्हणून ते बंद करून पलीकडे उभं ठेवलेलं. जुन्याला आता शेडमध्ये जायचं होतं. मामांनी यांना बजावलं होतं, की ते स्वतःच्या ताकदीनं जाईल. ओढून न्यायला ती काय हातगाडी हाय? सकाळी त्यांनी त्याला झेंडूचा हारही घातला होता.

दुपारी मामा तारेपाशी आले. पोर झोपली का, विचारलं. मी हो म्हणाले. ते परत गेले, वर चढले.

आणि धडधड थांबली.

हंड्यातलं पाणी सपाट झालं. कधी न ऐकलेलं सगळं एकदम घरात शिरलं: लिंबावरची चिमणी, दूरची बैलगाडी, माझा स्वतःचा श्वास. यशूच्या पापण्या हलल्या. तिनं डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग यार्डाकडच्या खिडकीकडे. काहीतरी हरवल्यासारखी तिकडेच बघत राहिली. मग ओठ थरथरले आणि ती रडू लागली.

"यशू," मी मागून हलकेच म्हणाले.

रडता रडता तिची मान वळली.

अगं, उचल तिला, असं आत्याबाई म्हणत होत्या. मी तिला उचलून छातीशी धरलं.

मामा चपला हातात घेऊन दारात उभे होते.

"उठली?"

"उठली, मामा."

ते पायरीवर टेकले. पलीकडे माणसं जुनं इंजिन नव्याला जोडत होती. मामांनी तिकडे पाठ केली, हात पुढे केले. मी यशूला त्यांच्या मांडीवर दिलं.

"न्या म्हनावं ओढत," ते तिला म्हणाले.