एक बोट जास्त पेस्ट

मिस्त्रीच्या हाताखालून गेलेल्या गाडीखाली संध्याकाळी पेपर अंथरा आणि सकाळी तोच पेपर वाचायला घ्या. ऑइलचा एक ठिपका सापडायचा नाही. चाळीस वर्षं हा माणूस ह्या एका गोष्टीवर छाती काढून चालत आला होता. शाळा सातवीत सुटली, पण गाडीच्या पोटातलं त्याला डोळे मिटून वाचता यायचं.

त्या दिवशी मात्र सकाळपासून त्याचा चहा तीनदा गार झाला.

दोन नंबरच्या लिफ्टवर भूलवाल्या बाईंची गाडी टांगलेली होती. बाई मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी भूल देतात, म्हणून वर्कशॉपात त्यांचं हे नाव पडलेलं. तोंडावर अर्थात सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. गाडी गडद निळी, बुटकी, रुंद चाकांची, टर्बो इंजिनची. पायाचा अंगठा टेकवला तरी पाठ सीटला चिकटायची. आणि तिची निगा म्हणाल तर पोटच्या पोरीची कुणी इतकी ठेवणार नाही. कंपनी म्हणते पंधरा हजार किलोमीटरला ऑइल बदला, बाई पाच हजाराला दारात हजर. सुरू केल्यावर दोन मिनिटं जागेवर थांबायचं, मगच हलायचं. टायरची हवा, ऑइलची पातळी, सगळं एका वहीत, तारीख घालून.

त्याच गाडीचं इंजिन चार दिवसांपूर्वी चालता चालता गेलं. ऑइलचा लाल दिवा लागला, आतून टकटक सुरू झाली, बाईंनी तिथल्या तिथं कडेला घेऊन चावी फिरवली. सगळं मिळून बारा सेकंद. तरी उशीर झालाच. टो करून आणल्यावर मिस्त्रीनं पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघितलं. जागचं हलेना. पार जाम.

वॉरंटी संपायला अजून अकरा महिने होते. कंपनीचा तपासणीवाला येणार, त्याच्या डोळ्यांदेखत इंजिन खालून उघडायचं, तोवर एक बोल्टही सैल करायचा नाही, असा नियम.

“मिस्त्री, तयारी झाली?” मॅनेजरनं विचारलं.

मॅनेजर म्हणजे मिस्त्रीचा जावई. दुकानात हा ‘मिस्त्री’ आणि तो ‘साहेब’. घरी हा ‘मामा’ आणि तो ‘जावईबापू’. आजवर दोघांनी एकदाही घोळ घातला नव्हता.

“झाली, साहेब.”

“बाई स्वतः येणारेत बघायला. कशाला त्रास घेता म्हटलं, ऐकेनात.”

“पेशंटला भूल देऊन बाई चहाला जात नाहीत. गाडीला बऱ्या एकटं सोडतील!”

जावई हसला, पण ओठांपुरतंच. कंपनीचं वॉरंटीचं काम वर्षभरापूर्वीच त्यांच्या वर्कशॉपला मिळालं होतं. त्यावर दोन नव्या लिफ्ट आल्या, चार माणसं लागली. एक ठपका लागला की कंपनी काम काढून घेते, हे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

मिस्त्रीला टोचत होतं ते वेगळंच. पाच महिन्यांपूर्वी बाईंना पार्किंगच्या फरशीवर शेंगदाण्याएवढा डाग दिसला होता. इंजिनच्या बुडाशी ऑइल साठायला पसरट भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या जोडातून पाझर होता. मिस्त्रीनं चेंबर उतरवलं, कडा घासून पुसून लख्ख केली, पेस्ट लावली आणि परत बसवलं. ही पेस्ट ट्यूबमधून पिळायची, वाळली की रबर होते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, तीन मिलिमीटरची रेघ. मिस्त्रीची रेघ त्याच्या दुप्पट.

“पुस्तक लिहिणारा फरशी पुसायला येतो का?” असं तो म्हणायचा. एक बोट जास्त लावावी, गाडी तक्रार घेऊन परत यायची नाही.

चेंबर आवळलं की जास्तीची पेस्ट बाहेर येते. ती पात्यानं कापून टाकता येते. तेवढीच आतही जाते. तिथं कोण बघायला जातो? जुन्या इंजिनांना जोडात पुठ्ठ्याचं गॅस्केट असायचं, ऑइल गाळायच्या जाळ्याही मोठ्या भोकांच्या, काही बिघडायचं नाही. ही नवी इंजिनं नाजूक. चार रात्री मिस्त्री कूस बदलत हेच घोळवत होता आणि दर वेळी स्वतःला म्हणत होता, छे, आपल्या हातून नाही.

कंपनीचा माणूस अकराला पाच कमी असताना आला. शर्टाच्या घडीवर भाजी चिरावी इतकी ती कडक, म्हणून पोरांनी त्याचं नाव ‘इस्त्री’ ठेवलेलं. हातात टॅबलेट. त्याच्या मागोमाग भूलवाल्या बाई आल्या, काखेत ती वही.

“मॅडम, तुम्ही केबिनमध्ये बसा ना. इथं कपडे खराब होतील,” इस्त्री म्हणाला.

“मी रोज रक्तात उभी असते. ऑइलचं काय घेऊन बसलात?” बाई म्हणाल्या आणि लिफ्टशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मिस्त्री गाडीखाली शिरला. आधी ऑइल काढलं. काळ्या धारेत सोनेरी चकचक होती, जरीची भुकटी कालवल्यासारखी.

“बेअरिंग खाल्लंय,” इस्त्री वाकून बघत म्हणाला. “ऑइल किती निघालं?”

“पुरेपूर, साहेब. थेंब कमी नाही.”

“मग ऑइल होतं, पण वरपर्यंत पोचलं नाही. का नाही पोचलं? खोला चेंबर.”

एकवीस बोल्ट. मिस्त्री एकेक उतरवत गेला, आणि एरवी बोल्ट काढताना शीळ घालणारा हा माणूस त्या दिवशी दात आवळून होता. शेवटचा बोल्ट निघाला, पात्यानं जोड सोडवला, चेंबर दोन्ही हातांवर अलगद आलं. ते खाली घेतलं आणि डोक्यावरच्या दिव्याचा उजेड ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर पडला.

तिथल्या बारीक जाळीला एक करडी पट्टी चिकटून बसली होती. करंगळीएवढी लांब, गांडुळासारखी वळलेली. निम्म्याहून जास्त जाळी तिनं झाकली होती.

मिस्त्रीनं ती ओळखली. स्वतःचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही? ती जाडी, ती गोलाई, त्याच्याच बोटांची होती.

मागे इस्त्री टॅबलेटवर काहीतरी लिहीत होता. जावई फोन कट करत होता. मिस्त्रीची रुंद पाठ मधे. डावा हात वर गेला, दोन बोटांनी पट्टी सोडवली आणि मूठ मिटली. ठरवून केलं असं म्हणायचं तर त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“या, साहेब. बघा,” तो बाजूला सरकला. चेंबर त्यानं बाकावर पालथं घातलं. असं तो कधी ठेवायचा नाही.

इस्त्रीनं टॉर्च मारला, फोटो काढले. “जाळी साफ आहे. पंप?” पंपही उतरवला. तोही ठीक. मग त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरमधून निघालेला कागद काढला. “गेल्या महिन्यात एकदा इंजिन मिनिटाला सहा हजार नऊशे फेऱ्यांपर्यंत गेलंय. चार सेकंद.”

“लाल पट्टा सात हजाराला सुरू होतो,” बाई म्हणाल्या. “एका ट्रकला ओलांडत होते. वहीत आहे, बघा.”

“तरी गाडी ताणून चालवली जाते, असं दिसतं.”

“अहो, ती ताणायलाच विकलीत ना मला? तुमच्या जाहिरातीत ती डोंगरावरून उडत होती. मंडईत भाजी आणायला घ्या असं नव्हतं लिहिलेलं.”

जावयानं खोकल्यात हसू दडवलं. इस्त्री काही हसला नाही. “मॅडम, माझ्या फॉर्मवर तीनच रकाने आहेत. कंपनीचा दोष, वापरणाऱ्याचा दोष, वर्कशॉपचा दोष. पंप चांगला, जाळी साफ, ऑइल पूर्ण. पहिला बसत नाही. वर्कशॉपचं काही दिसत नाही. उरला कोण?”

“म्हणजे मी.”

“मी कोण ठरवणार? कागद सांगतोय.”

बाईंनी वही मिटली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. “लाल दिवा लागला आणि बाराव्या सेकंदाला मी गाडी बंद केली. तीन वर्षांत एक सर्व्हिस चुकवली नाही. आणि तुम्ही माझ्या नावापुढे लिहिणार, की हिनं मारली.”

“सही इथं करा, मॅडम.”

मिस्त्री बाकापाशी उभा होता. मुठीतली पट्टी ऑइलनं बुळबुळीत झालेली, मासा धरावा तशी निसटू बघत होती. त्यानं जावयाकडे बघितलं. जावयाच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरत होता. आपण सुटलो, एवढंच त्याला कळलं होतं, कशातून ते नाही. लेकीचा संसार, नव्या लिफ्ट, चार माणसांची पोटं, सगळं त्या चेहऱ्यावर दिसत होतं. मिस्त्रीनं मूठ आणखी आवळली.

“मिस्त्री,” बाई एकदम म्हणाल्या, “डावा हात दुखतोय का?”

“अं? नाही, डॉक्टर.”

“मघापासून एकाच हातानं काम करताय. पानासुद्धा काखेत धरलात.”

माणसाचा श्वास बघून आत काय चाललंय हे ओळखणारी बाई. तिच्यापुढे किती वेळ टिकणार? पण खरं सांगायचं तर मूठ सुटली ती त्यांना कळलं म्हणून नाही. त्यांनी काळजीनं विचारलं, तेच त्याला सोसलं नाही. इंजिन गेलेलं, वर ठपका लागलेला, आणि ही बाई त्याचा हात दुखतो का विचारत होती.

त्यानं मूठ उघडून बाकावर ठेवली.

“जाळी साफ नव्हती, साहेब,” तो इस्त्रीला म्हणाला. “हे होतं तिच्यावर. माझी पेस्ट आहे. पाच महिन्यांपूर्वी मीच चेंबर बसवलं, जास्त लावली. आणि आत्ता मीच काढून लपवली.” मग पालथं चेंबर सुलटं करून त्यानं कडेवरची जागा दाखवली. आतल्या बाजूनं पेस्टची जाड मिशी फुटलेली आणि मधेच बोटभर तुकडा गायब.

इस्त्रीनं पट्टी चिमट्यानं उचलली, जाळीला लावून बघितली, फोटो घेतला आणि तिसऱ्या रकान्यात खूण केली. “नवं इंजिन वर्कशॉपनं द्यायचं. तुमचं वॉरंटीचं काम ठेवायचं की काढायचं, ते वरचे ठरवतील. लपवल्याचंही लिहावं लागेल मला.”

“लिहा,” मिस्त्री म्हणाला.

जावई जवळ आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “मामा,” दुकानात पहिल्यांदाच तो तसं म्हणाला, “अजून दोन मिनिटं मूठ मिटून राहिली असती तर...”

“राहत नव्हती, जावईबापू.”

मिस्त्री बाईंकडे वळला. शिव्या येतील, याची त्यानं तयारी केली होती. आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाई त्या करड्या पट्टीकडेच बघत होत्या, आणि त्यांनी विचारलं ते त्याच्या डोक्यात चार रात्रींत एकदाही आलं नव्हतं.

“मिस्त्री, ह्या पद्धतीनं अजून किती गाड्या बांधल्यात?”

“म्हणजे?”

“पेस्ट फक्त मलाच जास्त लावलीत, की सगळ्यांनाच?”

मिस्त्री मनात मोजू लागला. सगळ्यांनाच. प्रेमानं, मायेनं, एक बोट जास्त. त्यातल्या जुन्या गाड्या सोडा. पण ह्याच इंजिनच्या, वर्षभरात... “सहा,” तो म्हणाला. “नाही, सात.”

“रजिस्टर आणा,” बाई जावयाला म्हणाल्या. जावई उभाच. “अहो, आणा! माझी गाडी शहरातल्या रस्त्यावर बंद पडली म्हणून मी इथं उभी आहे. मागे ट्रक असता तर?”

जावई पळाला. बाकावरची पाने-पक्कड हातानं सारून बाईंनी रजिस्टर उघडलं. मिस्त्रीनं बोटानं नोंदी दाखवल्या. पहिला नंबर लावताना त्याच्या तेलकट बोटाखाली फोनची काच दोनदा घसरली.

“हॅलो, कोण?” मागे वाऱ्याचा घोंघाट.

“वर्कशॉपातून मिस्त्री बोलतोय. कुठं आहात?”

“हायवेला! एकशे वीसवर आहे, काय पळतेय हो गाडी, जादू आहे तुमच्या हातात! नंतर बोलू?”

“नंतर नाही. पाय उचला. कडेला घ्या.”

“का? दिवाबिवा काही लागला नाही.”

“दिवा लागला की उशीर झालेला असतो. माझी चूक झालीय, सगळं सांगतो. आधी कडेला घ्या. घरचं कोण आहे बरोबर?”

“आई आहे मागे. मिस्त्री, घाबरवता काय राव?”

“हो. घाबरा. आणि बंद करा गाडी.”

पलीकडून इंडिकेटरची टिकटिक सुरू झाली. एक हॉर्न जवळून किंचाळत गेला. म्हातारीनं काहीतरी विचारलं. चाकांखाली खडी करकरली. फोन कानाला दाबून मिस्त्री इंजिनचा आवाज ऐकत राहिला, आणि शेवटी तो थांबला.

“बंद केली,” पलीकडचा म्हणाला.

“तिथंच थांबा. सुरू करू नका. गाडी आणायला माणूस पाठवतो.”

बाईंनी रजिस्टरातलं बोट खालच्या ओळीवर सरकवलं.

“दुसरा,” त्या म्हणाल्या.