यादीत नसलेलं औषध

"सोताची गोळी अन् दुश्मनाची गोळी, जखम पाहून कळती का गं इंदू?"

वच्छलाबाईनं हे विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती आणि तिचा हात थांबला नव्हता. इंद्रायणीला वाटलं, आत्या सहजच विचारतेय. तिनं उत्तरही सहजच दिलं.

"कळतं की. अगदी जवळून झाडली तर बारुदीनं कातडी काळी पडते, भाजते. आमच्या कार्डावर त्याचा वेगळा रकानाच आहे."

थापणारा हात थांबला.

दोन हजार दोन सालची गोष्ट. बी.एस्सी. झाल्यावर इंद्रायणी जालन्यात एका निवृत्त लष्करी डॉक्टरांकडे कामाला लागली होती. एकाहत्तरच्या लढाईतल्या एका रुग्णालयाची दोन हजारांवर कार्डं एका संशोधन संस्थेनं त्यांच्याकडे सोपवली होती. जवानाला कुठे लागलं, कशानं लागलं, तो किती तासांनी डॉक्टरांपर्यंत पोचला, पुढे काय झालं, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं, म्हणजे रणांगणावरच्या जखमांचा नीट अभ्यास करता येईल. नावांवर कागदाच्या पट्ट्या डकवलेल्या होत्या. आठवडाभर कार्डं भरायची आणि रविवारी कुंभार पिंपळगावला आत्याकडे जेवायला जायचं, असा तिचा क्रम होता.

आत्याचे यजमान, रायभानमामा, त्याच लढाईतून परत आले होते ते डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका गमावून. ते कधी त्याबद्दल बोलत नसत. गाव मात्र बोलायचं. पारावर बसून गावातला कचरू एकदा म्हणाला होता, "बंदूक उजव्या हातात अन् गोळी डाव्या हाताला! फौजीचा निशाणा मोठा बराबर बाबा!" मामा हसले होते आणि उठून शेताकडे गेले होते.

"तू पण लोकांचं मनावर घेतेस होय?" इंद्रायणी म्हणाली.

आत्यानं तवा खाली उतरवला. "लोकाचं न्हाई बाई. माझंच. लगीन होऊन पाच महिने झाल्ते. मी मास्तरकडून पत्र लिहून घेतलं. कसं बी करा, पण घरी या. मंग हे आले ते असे आले. कसं बी करा, असं मीच म्हणल्ते ना?"

"अगं, मग मामांना विचारायचं ना!"

"हाव म्हणले तर?"

तीस वर्षं एका घरात, एका ताटाच्या अंतरावर, हा प्रश्न बसून होता.

पुढच्याच गुरुवारी ते कार्ड हातात आलं. डावा हात, करंगळी आणि अनामिका, वय चोवीस. लोखंडाचे तुकडे काढले. काळपटपणा : नाही. इथवर तिनं भराभर भरलं. 'नेहमीची औषधं' या रकान्यात मात्र कॉम्प्युटर अडून बसला, कारण तिथे लिहिलं होतं ते औषध यादीत नव्हतंच. कार्ड इंग्रजीत होतं आणि लिहिणारा कारकून बहुधा दक्षिणेकडचा असावा. टपोऱ्या अक्षरात त्यानं लिहिलं होतं : 'कारभारिन. रोज. भांडारात उपलब्ध नाही.'

"असलं कुठं औषध असतं का?" शेजारच्या टेबलावरून संपत वाकून बघू लागला. बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारा हा गडी कामापेक्षा गमतीच जास्त करायचा. "पेनिसिलिनचं कुणी असंल. टाक 'इतर' मधी, मोकळी हो."

इंद्रायणीनं तो शब्द मोठ्यानं वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी घरच्या तोंडानं. आणि दोघंही एकदम हसायला लागले. तापानं फणफणलेला कुणी मराठी जवान आपल्या बायकोचा धोशा लावून बसला होता : कारभारीण, कारभारीण. कारकुनानं विचारलं असणार, कधी लागतं? हा म्हणाला असणार, रोज!

हसता हसता तिनं कार्ड पुन्हा जवळ ओढलं. मामा आत्याला कारभारीणच म्हणायचे.

पण ती विज्ञान शिकलेली मुलगी. मराठी मुलखातले निम्मे गडी बायकोला कारभारीणच म्हणतात, तेवढ्यावरून काय ठरतं? तिनं डाव्या हाताची सगळी कार्डं काढली. दोनच बोटं गेलेली अशी दोन निघाली. एक हे. दुसऱ्यावर वय तेवीस, आणि खाली स्वच्छ अक्षरात : काळपटपणा : आहे.

ती कार्डं घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांना सगळे काकासाहेब म्हणत; ते तोंडाचे तिखट होते, पण ऐकून घेत. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "पट्टी काढायची नाही. कोणतं कार्ड कुणाचं, त्या नंबरांची वही माझ्याकडे कुलपात आहे, ती तुला दिसणार नाही. पण रुग्णाचा कागद रुग्णाचाच असतो. तो स्वतः आपला फौजी नंबर असलेलं पलटणीचं पुस्तक घेऊन आला, तर मी त्याला वाचून दाखवीन. आणि पोरी, ते दुसरं कार्ड त्याचं निघालं तर? मग काय करशील?"

रविवारी तिनं आत्याला परसात गाठलं आणि एवढंच सांगितलं : मामांचं कार्ड तिथे असू शकतं. त्यात काय निघेल ते मला माहीत नाही. चांगलंच निघेल असं मी म्हणणार नाही.

आत्या बराच वेळ हातातला लोटा विसळत राहिली. मग घरात जाऊन तिनं मामांना सरळ सांगितलं, "जालन्याला जायचंय. तुमच्या हाताचा कागद पाहायला."

"मला कशाला पाह्यजे कागद?" मामा खाटेवरून म्हणाले. "काय झालं ते माहीताय मला."

"मला न्हाई माहीत."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मंगळवारी पहाटे उठून त्यांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले आणि ट्रंकेच्या तळाचं पलटणीचं पुस्तक काढून बसले.

डॉक्टरांनी पुस्तकावरचा नंबर वहीत शोधला. बोट ओळीवरून सरकत होतं. इंद्रायणी दाराशी उभी होती. तिला दोन्ही कार्डं टेबलावर पालथी घातलेली दिसत होती. डॉक्टरांनी त्यातलं एक उचललं. कोणतं, ते तिला तिथून कळेना.

"तोफगोळ्याच्या कपच्या," ते वाचू लागले. "तळव्याच्या मागून आत शिरल्या. लोखंडाचे सहा तुकडे काढले. गोळी नाही. काळपटपणा नाही. बाई, तोफगोळा लांब फुटला होता. स्वतःच्या हातानं असं करून घेणं कुणालाही शक्य नाही."

वच्छलाबाईनं पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. "आणि रायभानराव, तुम्हाला एक औषध रोज लागायचं, ते काही आमच्या खात्याला मिळालं नाही. कारभारिन."

मामांचे कान लाल झाले. "तापात हुतो साहेब," ते पुटपुटले. आत्या रडता रडता हसायला लागली. तिला हसू काही आवरेना, शेवटी संपतनं पाणी आणून दिलं.

पण रस्त्यावर आल्यावर मामा कुणासाठी थांबले नाहीत. बसस्टँडपर्यंत पुढे पुढे चालत गेले. हॉटेलच्या बाकावर बसल्यावर इंद्रायणीकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या आत्याला इचार, चहा घेती का."

"मामांना सांग, घेते."

"तुझ्या आत्याला इचार, तीस वर्षं तिला काय वाटून राह्यलं हुतं. लोक बोलले त्याचं मला काई न्हाई. हिनं बी?"

इंद्रायणीनं कुणालाच काही विचारलं नाही. आत्या मान खाली घालून म्हणाली, "मी पत्र धाडल्तं. कसं बी करा अन् या, असं."

"भेटल्तं ना पत्र."

"मंग?"

"मंग काय? कसं बी करा म्हणजे साहेबाच्या हातापाया पडा, रजा मागा, असं समजलो मी. मागितली की रजा! दोनदा मागितली. न्हाई दिली." आता ते सरळ तिच्याकडे वळले. "तुला काय वाटलं, मी…"

"मला भेव वाटलं. तुम्ही हाव म्हणले असते तर ते दुखणं माझं झालं असतं. तुमच्यासंगच राह्यले असते, पण तुमच्या हाताकडं कशी पाह्यले असते?"

चहा आला. मामांनी आपल्या कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि तीन बोटांच्या हातानं बशी तिच्यापुढे सरकवली.

"पी जल्दी. गाडी लागून राह्यली."

आत्यानं बशी उचलण्याआधी तो हात धरला, बसस्टँडवर, सगळ्या लोकांत, आणि तळवा उलटा करून मागच्या बाजूचे वण एक एक करून पाहू लागली. गावाकडे जाणारी घनसावंगीची गाडी भरली आणि निघून गेली. दुसरी तासाभरानं होती. मामांनी आणखी एक चहा सांगितला.