पहिल्या वाराच्या बरगड्या

"नत्थ्या, चालव ना सुरा! हात कावून थांबला बे?" बंदुकीच्या दस्त्यावर हनुवटी टेकवून शेषराव पाटील ओरडले.

नत्थुजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते. पाटलांच्या अंगणात, बाभळीच्या ओंडक्यावर, ते विशाल रानडुक्कर उताणे पडले होते. त्याच्या सुळ्यांवर जे रक्त वाळले होते ते मात्र डुकराचे नव्हते. ते नत्थुजींच्या धाकट्या भावाचे, किसनचे होते.

चांदुराकडील त्या गावी त्या वर्षी ज्याने त्याने कापूसच पेरला होता. विलायतेहून मागणी अशी आली की अमरावतीच्या बाजारात भाव तिपटीवर गेले, आणि ज्वारीचे नाव कोणी घेईना. एकट्या किसनने "कापूस का चावून खाचा हाय?" असे म्हणून एक पट्टी ज्वारी राखली. परिणामी अवघ्या शिवारातील डुकरे त्या एका पट्टीत शिरली. त्या दिवशी प्रातःकाळी डुकरे उठवण्यासाठी हाका झाला. किसन भाला रोखून उभा राहिला, आणि जनावर थेट त्याच्यावर चालून आले. भाला बरगड्यांत शिरला. त्याच क्षणी सुळ्याने किसनची मांडी गुडघ्यापासून जांघेपर्यंत उसवली. डुक्कर धडपडत नाल्यात उतरले. काही वेळाने नाल्यातून बार ऐकू आला. कापसाच्या पैशातून घेतलेली शेषरावांची नवी बंदूक ती.

गावाचा रिवाज असा की, ज्याचा वार पहिला त्याच्या घरी बरगड्या. उरलेले मांस सर्वांचे. शेषराव मात्र सांगत होते की भाला नुसता चाटून गेला, पहिला खरा वार आपल्या गोळीचा. जखम पाहून वैदूने मान हलवली होती. किसन यापुढे भाला घेऊन उभा राहणार नाही, हे नत्थुजींना कळून चुकले होते. म्हणून या बरगड्या त्याच्याच घरी जाव्यात, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनी होती.

त्यांनी कातडे सोलले, आणि त्यांचा सुरा थांबला.

"पाटील, एक सांगू काय?"

"सांग."

"जित्या जनावराले घाव लागला तं भवताल रगत साकळते. हा पाहा भाल्याचा घाव, काळा ठिक्कर. अन् हे तुमच्या गोळीचं भोक. पांढरं फटक हाय. तुमी मेलेल्या डुकरावर बार काढला."

अंगणात दहा-बारा माणसे उभी होती. त्यांपैकी एकजण फसकन हसला.

त्या हसण्यानेच घात केला. शेषरावांनी बंदूक उलटी धरली आणि पहिला प्रहार नत्थुजींच्या तोंडावर केला. नत्थुजी ओंडक्यावर कोसळले. सावरण्यासाठी त्यांनी उजवा पंजा ओंडक्यावर टेकला, तोच दस्ता त्या पंज्यावर आदळला. एकदा, दोनदा, तीनदा. बोटांची हाडे मोडल्याचा आवाज सर्वांना ऐकू आला. कोणी पुढे झाले नाही.

"आता शिजव," शेषराव धापा टाकत म्हणाले. "मायाच आंगनात. अन् वातड झालं तं दुसराई हात ठेवत नाई."

गावात डुकराच्या बरगड्या शिजवाव्यात त्या नत्थुजींनीच. हे मांस घरच्या चुलीवर चढत नसे. अंगणात खड्डा खणून गेल्या सालच्या पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, विस्तव करावा लागे. नत्थुजींनी एका हाताने मीठ, हळद, लसूण, तिखट आणि कवठाचा आंबट गर बरगड्यांना चोळला. पळसाच्या पानांत त्या गुंडाळल्या. ज्वाळा पूर्ण शमू दिली, राख पसरली, मग पुडके निखाऱ्यांवर ठेवले. तोंडातले रक्त ते मधूनमधून बाजूला थुंकत होते. दोन प्रहर त्यांनी विस्तव भडकू दिला नाही व विझूही दिला नाही. रागाच्या भरात ते मांस जाळूही शकले असते. तथापि तो वार किसनचा होता.

सायंकाळी पाने उघडली. हाड नुसते फिरवताच मांसातून सुटून आले. लोक बोटे चाटीत जेवले. शेषरावांनी दोन बरगड्या पानावर फेकल्या. "घे. शिजवनाराचा वाटा."

घरी किसन तापाने फणफणत बाजेवर पडला होता. मांडीवरच्या चिंध्या रक्ताने कडक झाल्या होत्या.

"दादा, पाटील काय म्हने गा?"

"काय म्हनतीन? पह्यला वार तुहाच. साऱ्या गावाम्होरं कबूल केलं त्याईनं."

किसनचा चेहरा उजळला. "मंग दोनच कावून आनल्या?"

"बाकीच्या मांगून येऊन रायल्या. तू खाय."

नत्थुजींनी घास पुढे केला. किसनने तोंड मिटले.

"डाव्या हातानं भरवून रायला? उजवा कुठी हाय?"

उजवा हात दुपट्ट्याखाली होता. किसनने दुपट्टा ओढला. सुजून काळी पडलेली बोटे त्याने पाहिली. पान आपल्याकडे ओढून त्याने बरगडीवरचे मांस सोडवले आणि पहिला घास भावाच्या तोंडापाशी नेला.

"तू खाय आधी."

नत्थुजींचे पुढचे दात हिरडीत हलत होते. परंतु मांस इतके मऊ शिजले होते की चावावे लागले नाही.